उभ्या झाडाची किंमत कोण ठरवणार? अमेरिका-कॅनडा लाकूड वादाची चाळीस वर्षं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 100 माइल हाउस नावाचं एक छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजार. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथली सॉ मिल कायमची बंद करत असल्याचं वेस्ट फ्रेझर या बड्या लाकूड कंपनीनं जाहीर केलं. सुमारे 165 जणांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. एवढ्या लहान गावात 165 पगार बंद होणं म्हणजे किराणा दुकानापासून शाळेपर्यंत सगळ्यांना झळ.

बातमी वाचून कोणीही म्हणेल, अमेरिकेनं कर वाढवला, कॅनडाची मिल बुडाली. पण त्याच घोषणेत कंपनीनं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथली मिलही बंद करत असल्याचं सांगितलं होतं. ज्या देशाच्या मिल वाचवायच्या म्हणून कर लावला, त्याच देशातली मिलही बंद. मग हा कर नेमका कोणासाठी?

हे समजून घ्यायचं तर चाळीस वर्षं मागं जावं लागतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातला सॉफ्टवूड लाकडाचा वाद 1982 पासून सुरू आहे. मध्ये करार झाले, मोडले, पुन्हा झाले. निकाल लागले, पैसे परत गेले, आणि पुन्हा कर लागला.

कुठलं लाकूड, कशासाठी?

सॉफ्टवूड म्हणजे पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांचं लाकूड. आपल्याकडे पॅकिंगच्या पेट्यांत आणि स्वस्त फर्निचरमध्ये जे पिवळसर पाइन दिसतं, त्याच जातकुळीतलं. आपल्याकडं घर म्हटलं की वीट, सिमेंट, सळई. अमेरिकेत मात्र बहुतेक स्वतंत्र घरांचा सांगाडाच लाकडाचा असतो. एका सर्वसाधारण नव्या घराला साधारण 15 हजार बोर्डफूट लाकूड लागतं.

बोर्डफूट हे तिकडचं माप. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट. आपल्या वखारीत चालणाऱ्या घनफुटाच्या हिशोबात 12 बोर्डफुटांचा एक घनफूट होतो. म्हणजे एका घराला साधारण 1,250 घनफूट लाकूड. तिकडं भाव हजार बोर्डफुटाचा सांगतात, म्हणजे सुमारे 83 घनफुटांचा. हा घनफूटही नावापुरताच, कारण ‘दोन बाय चार’ म्हणून विकली जाणारी पट्टी रंधून झाल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांची भरते.

अमेरिकेला जेवढं सॉफ्टवूड लागतं, तेवढं तिथं निघत नाही. उरलेलं शेजारून येतं. कॅनडाकडं जंगल अफाट आणि लोकसंख्या थोडी, त्यामुळं त्याच्या मिलना अमेरिकेशिवाय एवढं मोठं गिऱ्हाईक नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे, म्हणून व्यापार थांबत नाही. आणि माल आला की अमेरिकी मिलचा भाव पडतो, म्हणून भांडणही थांबत नाही.

भांडणाचं मूळ : झाड कोणाचं?

दोन देशांतला खरा फरक जंगलाच्या मालकीत आहे. कॅनडातलं 90 टक्क्यांच्या आसपास जंगल सरकारी आहे आणि त्यातलं बहुतेक प्रांत सरकारांच्या ताब्यात. मिलला तिथं तोडीचा हक्क मिळतो आणि तोडलेल्या लाकडावर ती प्रांताला शुल्क भरते. या शुल्काला ‘स्टम्पेज’ म्हणतात. सोप्या भाषेत, उभ्या झाडाची किंमत.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. एकूण जंगलांपैकी जवळपास 60 टक्के जमीन खासगी मालकीची. दक्षिणेकडच्या राज्यांत तर हे प्रमाण 85 टक्क्यांच्याही वर. तिथं शेतकरी किंवा जमीनदार कंपनी झाडं लावते आणि जो मिलवाला जास्त भाव देईल त्याला विकते.

अमेरिकी मिलवाल्यांची तक्रार इथूनच सुरू होते. कॅनडाची प्रांत सरकारं झाडं स्वस्तात देतात, हे छुपं अनुदान आहे, असं त्यांचं म्हणणं. कॅनडा म्हणतो, जंगल आमचं, दर आमचा. मिलनं रस्ते बांधायचे, झाडं पुन्हा लावायची, आगीपासून राखायचं, हा खर्च त्यांच्याच अंगावर असतो. तो धरला तर झाड फुकट जात नाही.

सीमाभागातल्या ऊसवाल्यांना हा मुद्दा चटकन कळेल. समजा, शेजारच्या दोन तालुक्यांत दोन कारखाने आहेत. एकाला ऊस सरकारनं ठरवलेल्या दरानं मिळतो आणि दुसऱ्याला उघड्या बाजारात बोली लावून घ्यावा लागतो. साखर मात्र दोघांची एकाच बाजारात विकली जाते. बोलीवाला म्हणणारच की समोरच्याला ऊस स्वस्त पडतो. पण खरंच स्वस्त पडतो का, हे ठरवायला त्याच उसाचा बाजारभाव माहीत हवा. आणि त्या भागात बाजारच नसेल, तर तो भाव आणायचा कुठून?

चाळीस वर्षांच्या खटल्यांत हाच प्रश्न फिरून फिरून येतो. दांडेलीच्या डेपोत लाकडाचा लिलाव होतो तेव्हा बोलीतून भाव ठरतो, वाद उरत नाही. ब्रिटिश कोलंबियानंही 2004 ते 2006 या काळात असाच मार्ग धरला. सरकारी जंगलातला काही भाग लिलावानं विकायचा आणि त्या बोलींवरून बाकीच्या झाडांचं स्टम्पेज ठरवायचं. अमेरिकेचं समाधान झालं नाही. बोली लावणारेही त्याच मिल, आणि गोल ओंडके देशाबाहेर पाठवायला निर्बंध, मग हा खुला बाजार कसला, असा त्यांचा सवाल.

पाच फेऱ्या

*पहिली फेरी, 1982-83.* अमेरिकी मिलवाल्यांनी तक्रार केली. अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं चौकशी करून 1983 मध्ये निर्णय दिला की स्टम्पेज हे कर लावण्याजोगं अनुदान नाही. कॅनडा जिंकला.

*दुसरी फेरी, 1986.* पुन्हा तक्रार, आणि या वेळी त्याच खात्यानं उलटं मत दिलं. 15 टक्के करायोग्य अनुदान असल्याचा प्राथमिक निष्कर्ष आला. कॅनडानं हिशोबी पाऊल टाकलं. अमेरिकेनं कर घेण्यापेक्षा आपणच आपल्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावू, म्हणजे पैसा निदान देशात राहील. डिसेंबर 1986 मध्ये तसा समझोता झाला.

*तिसरी फेरी, 1991.* कॅनडानं समझोता संपवला. अमेरिकेनं 1992 मध्ये 6.51 टक्के कर बसवला. दोन देशांच्या मुक्त व्यापार करारातल्या संयुक्त लवादानं कॅनडाच्या बाजूनं कौल दिला. 1994 मध्ये कर उठला आणि सुमारे 80 कोटी डॉलर परत द्यावे लागले. त्यानंतर 1996 मध्ये पाच वर्षांचा करार झाला. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, ओंटारिओ आणि क्युबेक या चार प्रांतांनी मिळून वर्षाला 14.7 अब्ज बोर्डफूट माल बिनशुल्क पाठवायचा, वर गेलं तर शुल्क.

*चौथी फेरी, 2001.* करार संपल्या संपल्या अमेरिकी मिलवाल्यांनी तक्रार दाखल केली. मे 2002 मध्ये सरासरी 27 टक्क्यांवर कर लागला. कॅनडानं लवादात एकामागून एक निकाल जिंकले. ऑगस्ट 2005 मध्ये नाफ्टा कराराच्या शेवटच्या पायरीवरच्या समितीनंही कॅनडाच्या बाजूनं निर्णय दिला. तरीही पैसे सुटेनात. अखेर 2006 मध्ये तडजोड झाली. जमा झालेल्या पाच अब्जांहून जास्त डॉलरपैकी सुमारे चार अब्ज कॅनडाच्या कंपन्यांना परत, आणि एक अब्ज अमेरिकेतच. त्यातले 50 कोटी थेट तक्रारदार अमेरिकी मिलवाल्यांच्या संघटनेला. खटले जिंकून आलेल्या पक्षानं आपल्याच पैशातला पाचवा हिस्सा समोरच्याला देऊन सुटका करून घेतली.

या 2006 च्या करारात एक शहाणपणाची सोय होती. भाव हजार बोर्डफुटाला 355 डॉलरच्या वर असेल तर निर्यात शुल्क शून्य. भाव उतरला की शुल्क चढत चढत 15 टक्क्यांपर्यंत. मंदीत दोघांनाही थोडी ऊब, तेजीत व्यापार मोकळा. हा करार मुदतवाढीसह ऑक्टोबर 2015 पर्यंत टिकला. चाळीस वर्षांतला हा सगळ्यात लांब शांततेचा काळ.

*पाचवी फेरी, 2016 पासून.* करार संपल्यावर वर्षभराची सवलतीची मुदत होती. ती संपताच नोव्हेंबर 2016 मध्ये नवी तक्रार आली. कर बसला, सरासरी सुमारे 20 टक्के. तो नंतर खाली येऊन 8 टक्क्यांच्या आसपास गेला, 2024 मध्ये साडेचौदाच्या आसपास चढला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये बहुतेक कंपन्यांसाठी 35.19 टक्के झाला. या दरम्यान 2020 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं कॅनडाच्या बाजूनं निकाल दिला होता. अमेरिकेनं त्यावर अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ नव्या सदस्यांच्या नेमणुका अडल्यामुळं डिसेंबर 2019 पासूनच बंद पडलेलं. अपील ऐकायला कोणी नाही, त्यामुळं निकाल अंमलात येत नाही.

14 ऑक्टोबर 2025 पासून यावर आणखी 10 टक्के आले. हा कर वेगळ्या कायद्याखाली, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन, सगळ्या देशांच्या सॉफ्टवूडवर लावला आहे. कॅनडाच्या मालावर मात्र तो जुन्या कराच्या डोक्यावर बसतो. बेरीज 45 टक्क्यांच्या वर.

वहीत हा कर कसा दिसतो?

या कराचे दोन भाग असतात. एक काउंटरव्हेलिंग ड्युटी, म्हणजे अनुदानाचा फायदा पुसून काढणारा कर. दुसरी अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे खर्चापेक्षा किंवा घरच्या भावापेक्षा स्वस्त विकल्याबद्दलचा कर. 2025 च्या 35 टक्क्यांत अँटी-डंपिंगचे 20.56 आणि काउंटरव्हेलिंगचे 14.63 टक्के आहेत.

यातली मेख अशी की माल सीमेवर पोहोचतो तेव्हा भरायची रक्कम ही अंतिम कर नसते, अनामत असते. खरा दर पुढं वार्षिक फेरआढाव्यात ठरतो. ऑगस्ट 2025 चा दर 2023 सालच्या विक्रीवरून काढलेला आहे. 2023 मध्ये माल पाठवताना मिलनी 8 टक्क्यांच्या आसपास अनामत भरली होती. दोन वर्षांनी कळलं की त्या मालाचा दर 35 टक्के. शंभर रुपयांच्या विक्रीवर आठ भरले, आता आणखी सत्तावीस देणं लागतं, वर व्याज. तो माल केव्हाच विकून झाला, भाव केव्हाच घेऊन झाला. गिऱ्हाइकाकडं मागायचं तरी कसं? आणि ही अनामत बहुधा कॅनडाच्या मिललाच भरावी लागते, कारण अमेरिकेत आयातदार म्हणून तिचंच नाव असतं.

दुसरी मेख डंपिंगच्या गणितात. 2023 मध्ये लाकडाचे भाव कोसळले होते. दोन्ही देशांतल्या अनेक मिल तोट्यात माल विकत होत्या. पण सीमा ओलांडून तोट्यात विकलं की त्याला डंपिंग म्हणतात आणि देशातच तोट्यात विकलं की मंदी. त्यामुळं बाजार पडला की दोन वर्षांनी अँटी-डंपिंगचा दर चढतो. मिल आधीच अडचणीत असते, त्यात हा बोजा.

मोठी कंपनी बँकेकडून कर्ज काढून ही अनामत झेलते. छोट्या मिलचं खेळतं भांडवलच त्यात अडकतं. अखेर पैसे परत मिळालेच, तर ते मिळेपर्यंत मिल जिवंत असायला हवी.

कर एका बाजूला, व्यापार दुसऱ्या बाजूला

गंमत म्हणजे या चाळीस वर्षांत व्यापाराचे आकडे वर-खाली झाले ते करामुळं कमी आणि इतर कारणांनी जास्त.

नव्वदच्या दशकात कॅनडाचा वाटा वाढला, त्यामागं एक घुबड होतं. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जुन्या जंगलांत राहणारं ठिपकेदार घुबड 1990 मध्ये संकटग्रस्त जाहीर झालं आणि 1994 च्या आराखड्यानं तिथल्या केंद्र सरकारच्या जंगलांतली तोड एकदम घटली. ती पोकळी कॅनडाच्या मालानं भरली. त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवूडपैकी एक तृतीयांशाहून जास्त कॅनडाचं होतं.

मग आली घरबांधणीची तेजी. 2005 मध्ये अमेरिकेत 20 लाखांहून जास्त नव्या घरांची कामं सुरू झाली. 27 टक्के कर असतानाही कॅनडाचा माल जोरात खपला. पुढं गृहकर्जांचा फुगा फुटला. 2009 मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला आणि कॅनडाची अमेरिकेतली निर्यात 2005 च्या निम्म्याहूनही खाली गेली. गंमत पाहा, त्या वर्षी 2006 चा समझोता लागू होता आणि दोन्ही सरकारांत तह होता. पण घरंच बांधली जात नव्हती, तर लाकूड घेणार कोण?

तिसरं कारण किड्याचं. पाइनच्या सालीखाली राहणाऱ्या भुंग्यानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश कोलंबियात धुमाकूळ घातला. कडाक्याच्या थंडीत याच्या अळ्या मरतात. हिवाळे उबदार होत गेले आणि त्या जगल्या. 1 कोटी 80 लाख हेक्टरांहून जास्त जंगलाला लागण झाली, विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून जास्त झाडं मेली. मेलेलं झाड काही वर्षांतच कापावं लागतं, नाहीतर तडकतं. म्हणून सुरुवातीला तोड वाढवली आणि बाजारात माल भरपूर आला. चीननंही त्या काळात बराच उचलला. नंतर मात्र कापायला झाडंच कमी उरली. 2017, 2018 आणि 2023 च्या प्रचंड वणव्यांनी उरलंसुरलं खाल्लं. 100 माइल हाउसची मिल बंद करतानाही कंपनीनं परवडेल अशा दरात पुरेसं लाकूड मिळत नसल्याचंच कारण पुढं केलं. कर हा वरून पडलेला भार.

चौथी गोष्ट पैशाची. कॅनडाच्या मोठ्या कंपन्यांनी वाद ओळखून आपलं भांडवलच सीमेपलीकडं नेलं. वेस्ट फ्रेझरनं 2000 मध्ये, कॅनफोरनं 2006 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत मिल विकत घ्यायला सुरुवात केली. 2007 मध्ये वेस्ट फ्रेझरनं एकाच सौद्यात तिथल्या 13 मिल घेतल्या. दक्षिणेत पाइनची लागवड मुबलक, झाड पंचवीस-तीस वर्षांत तयार होतं. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात त्याला याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. शिवाय अमेरिकेत कापलं की कर नाही.

दोन देश शेजारी ठेवून पाहिले तर

अमेरिकेत आज वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवूडपैकी सुमारे पाऊण हिस्सा देशातच कापला जातो. कॅनडाचा वाटा एक तृतीयांशावरून उतरून एक चतुर्थांशाच्या आसपास आला आहे. उरलेलं थोडं युरोपातून येतं. अमेरिकी मिलवाल्यांच्या संघटना हा आकडा करांचं यश म्हणून दाखवतात. देशात क्षमता वाढली, आणखी वाढेल, असं त्यांचं म्हणणं.

पण आतून पाहिलं तर चित्र गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेतल्या वाढीतला मोठा भाग दक्षिणेतला, आणि तिथल्या अनेक मिलची मालकी कॅनडातल्या कंपन्यांची. कॅनडात घसरण झाली ती मुख्यतः ब्रिटिश कोलंबियात. म्हणजे ‘अमेरिका विरुद्ध कॅनडा’ असं जे दिसतं, ते जमिनीवर ‘जॉर्जिया विरुद्ध ब्रिटिश कोलंबिया’ असं आहे, आणि दोन्हीकडं कंपनी एकच असू शकते. कंपनी हलू शकते. गाव हलू शकत नाही.

मालही अगदी एकसारखा नाही. कॅनडाचं स्प्रूस-पाइन-फर हलकं, सरळ, खिळा मारायला सोपं. दक्षिणी पिवळं पाइन जड, मजबूत, रसायन नीट शोषतं, म्हणून बाहेरच्या कामाला चांगलं. भिंतीचा सांगाडा उभारणाऱ्या कारागिराला पहिलं आवडतं. त्यामुळं कर वाढला तरी कॅनडाची मागणी पूर्ण आटत नाही.

मग पैसे भरतं कोण?

हजार बोर्डफूट लाकडाचा भाव 500 डॉलर धरला तर 45 टक्क्यांनी 225 डॉलर होतात. घराला 15 हजार बोर्डफूट लागतं. सगळं लाकूड कॅनडाचं असतं आणि कर पूर्ण वसूल झाला असता, तर एका घरामागं 3,375 डॉलर. प्रत्यक्षात लाकूड मिश्र असतं आणि कराचा काही भाग मिल सोसते, त्यामुळं रक्कम एवढी होत नाही. पण कॅनडाचा माल महागला की देशी मिललाही भाव वाढवायला जागा मिळते, तो वाढीव भाव सगळ्याच लाकडावर लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या घरबांधणी व्यावसायिकांची संघटना या करांच्या विरोधात आहे, तर मिलवाल्यांची संघटना बाजूनं. एकाच देशात दोन उद्योग समोरासमोर.

तेजीत किती फरक पडतो, ते 2021 नं दाखवलं. कोविडच्या सुरुवातीला मिलनी उत्पादन घटवलं. लोक घरात अडकले, दुरुस्त्या आणि नव्या घरांची लाट आली. एरवी हजार बोर्डफुटाला 350-400 डॉलर असणारा भाव मे 2021 मध्ये वायदेबाजारात 1,600 डॉलरच्या पुढं गेला. घनफुटाला सुमारे 19 डॉलर, त्या वेळच्या दरानं साधारण 1,400 रुपये. आपल्या सागवानापुढं हे किरकोळ, पण तिथं हे घराच्या सांगाड्याचं लाकूड. घरबांधणी संघटनेच्या हिशोबानं त्या वसंतात एका नव्या घराची किंमत केवळ लाकडामुळं सुमारे 36 हजार डॉलरनी वाढली होती. ऑगस्टपर्यंत भाव पुन्हा 500 च्या आसपास उतरला.

आपल्याकडं याचा संबंध काय?

थेट संबंध थोडा आहे. भारतात येणारं पाइन मुख्यतः कांडला बंदरात उतरतं, गांधीधामला कापलं जातं आणि तिथून देशभर जातं. त्यातलं बरंचसं वर्षानुवर्षं न्यूझीलंडचं आहे, कॅनडाचा वाटा लहान. बेळगावच्या उद्यमबागेतून किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतून कास्टिंग परदेशी जातं तेव्हा त्याची लाकडी पेटी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं भट्टीत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवून, शिक्का मारलेली लागते. अशा पेट्यांना हलकं, सरळ पाइन चालतं. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी संस्थेचं ‘कॅनेडियन वूड’ नावाचं कार्यालय मुंबईत आहे. अमेरिकेचं दार अरुंद झाल्यावर तिकडचे विक्रेते आशियात गिऱ्हाईक शोधणार, हे उघड आहे.

खरा धडा मात्र कायद्याचा आहे. ज्या यंत्रणेत कॅनडाचं लाकूड अडकलं, त्याच यंत्रणेत भारताची कोळंबी आहे. 2005 पासून भारतीय कोळंबीवर अमेरिकेत अँटी-डंपिंग ड्युटी आहे, दरवर्षी फेरआढावा होतो, आणि 2024 मध्ये काउंटरव्हेलिंग ड्युटीही वर आली. तीच अनामत, तोच उशिरानं ठरणारा दर. आंध्रच्या निर्यातदारांना हे पाठ आहे. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या लहान उद्योजकानं यातून एवढं घ्यावं, की आज भरलेला कर हा शेवटचा आकडा असेलच असं नाही.

पुढं काय?

कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी ऑगस्ट 2025 मध्ये लाकूड उद्योगासाठी 1.2 अब्ज कॅनेडियन डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 70 कोटींच्या कर्जहमी आणि 50 कोटी नवीन उत्पादनं, नव्या बाजारपेठांसाठी. अमेरिकी तक्रारदार लगेच म्हणू शकतात की हे आणखी एक अनुदान झालं. मिल वाचवायला दिलेला पैसा उद्या कराच्या गणितात धरला जाण्याची भीती, हीच या वादाची कोंडी. ऑक्टोबर 2025 मध्ये दोन देशांची व्यापार बोलणीही अमेरिकेच्या बाजूनं तोडली गेली. आता नजरा जुलै 2026 कडं आहेत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या त्रिपक्षीय कराराचा आढावा तेव्हा ठरलेला आहे.

चाळीस वर्षांचा हिशोब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. जेव्हा जेव्हा शांतता आली, ती निकालानं आली नाही. ती दोघांनी बसून मान्य केलेल्या आकड्यानं आली : 1986 चे 15 टक्के, 1996 चे 14.7 अब्ज बोर्डफूट, 2006 ची भावानुसार चढ-उतार करणारी पट्टी. कॅनडा निकाल जिंकत राहिला, अमेरिका वसूल करत राहिली, आणि शेवट दर वेळी टेबलावरच झाला. पुढची तडजोडही कधीतरी होईलच. प्रश्न एवढाच की तोवर किती गावांतल्या सॉ मिलची चाकं थांबलेली असतील. कारण तडजोडीत पैसे परत मिळतात ते कंपनीला. बंद झालेल्या मिलमधल्या कामगाराचा पगार कुठल्याही करारात परत मिळत नाही.